आठ दशांश सेकंद

महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच प्रात्यक्षिकांची एक वही करावी लागते. त्या वहीत 'प्रतिक्रियाकाल' नावाचा प्रयोग बहुधा असतोच. दिवा लागला की बटण दाबायचे. असे वीस-पंचवीस वेळा करायचे, आकडे तक्त्यात भरायचे, सरासरी काढायची आणि सरांची सही घ्यायची. आमचे स्वतःचे शिक्षण जीवशास्त्रातले. पुढे मज्जातंतूंवरच्या कामामुळे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायची वेळ आली, तेव्हा ही वही आम्ही प्रथम पाहिली. हा प्रयोग कशासाठी करता, असे विचारले तर उत्तर मिळाले, "अभ्यासक्रमात आहे म्हणून." उत्तर प्रामाणिक होते. पण अभ्यासक्रमात तो आला कुठून, याचा शोध घेत गेलो तेव्हा आम्ही मानसशास्त्रातून बाहेर पडून थेट एका वेधशाळेत पोहोचलो. तिथे एका माणसाची नोकरी गेली होती.

वेधशाळा इंग्लंडमधील ग्रिनिचची. साल १७९६. राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलीन यांच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा एक तरुण साहाय्यक होता. तो नॉर्विच गावच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. १७९४ साली तो कामाला लागला. त्याचे मुख्य काम म्हणजे ठरावीक तारे याम्योत्तरवृत्त कोणत्या क्षणी ओलांडतात ते टिपणे.

हा क्षण टिपण्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सगळे पाणी तिथेच मुरते. दुर्बिणीच्या नेत्रिकेत अतिशय बारीक असे पाच उभे धागे ताणून बसवलेले असत. निरीक्षक आधी घड्याळाकडे पाहून सेकंद लक्षात ठेवी, मग डोळा दुर्बिणीला लावी आणि लंबकाचे ठोके कानाने मोजत राही. तारा हळूहळू धाग्याकडे सरकत येई. धागा ओलांडण्याच्या आधीच्या ठोक्याला तो कुठे होता हे मनात धरून ठेवायचे, नंतरच्या ठोक्याला कुठे पोहोचला ते पाहायचे आणि या दोन जागांच्या दरम्यान धागा कुठे येतो यावरून सेकंदाचे दशांश अंदाजाने ठरवायचे. म्हणजे डोळा एका कामावर, कान दुसऱ्या कामावर, आणि दोघांचा मेळ घालायचा मनाने. ही 'डोळा-कान' पद्धत मॅस्केलीन यांच्याआधी त्या पदावर असलेल्या ब्रॅडली यांनी रूढ केली होती. तिच्यात एक-दोन दशांश सेकंदांपलीकडे चूक होत नाही, असा त्या काळी विश्वास होता.

मॅस्केलीन यांच्या ध्यानात आले की, १७९४ आणि १७९५ चा बराच काळ त्यांच्या आणि किनब्रुकच्या नोंदी जुळत होत्या. पण ऑगस्ट १७९५ पासून साहाय्यकाच्या वेळा अर्धा सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. जानेवारी १७९६ पर्यंत हा फरक आठ दशांश सेकंदांवर गेला. आठ दशांश सेकंदांचे एवढे काय, असे कुणालाही वाटेल. पण पृथ्वी एका सेकंदात १५ विकला फिरते. ०.८ सेकंद म्हणजे १२ विकला, आणि विषुववृत्तावर मोजायचे तर सुमारे ३७० मीटर. ताऱ्यांच्या वेळेवरून वेधशाळेचे घड्याळ लावायचे आणि त्या वेळेच्या हिशेबाने समुद्रावरच्या जहाजांनी आपले रेखांश काढायचे, असा तो सगळा व्यवहार होता. (आपल्या वर्गातील मुलांना हा गुणाकार जरूर करायला द्यावा. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, दिवसाचे सेकंद ८६,४००.)

मॅस्केलीन यांनी किनब्रुकला कामावरून काढले. वेधशाळेच्या छापील नोंदींत त्यांनी लिहून ठेवले की, इतर बाबतींत तो मेहनती आणि उपयोगी होता, त्याला दूर करणे आपल्या जिवावर आले. पण हा दोष त्याच्यातून जाईल असे दिसेना. किनब्रुकने ब्रॅडलींची पद्धत सोडून स्वतःची काहीतरी गोंधळाची रीत धरली असावी, असा त्यांचा तर्क होता. मॅस्केलीन दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे दोन आकडे होते, एक स्वतःचा आणि एक साहाय्यकाचा. त्यांतला कोणता बरोबर, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. किनब्रुक १८०२ साली वारला.

हा मजकूर वेधांच्या जाडजूड ग्रंथात पडून राहिला. वीस वर्षांनी, १८१६ साली, एका जर्मन खगोलशास्त्रीय नियतकालिकात ग्रिनिच वेधशाळेचा इतिहास छापून आला, त्यात या घटनेचा उल्लेख होता. तो फ्रीड्रिश बेसेल यांच्या वाचनात आला. बेसेल हे प्रशियातील क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचे प्रमुख आणि अचूकपणाच्या बाबतीत त्या काळचे अग्रगण्य नाव. त्यांना शंका आली ती अशी : शिकलेला, मेहनती, आपली नोकरी टिकवायची आहे असा माणूस रोज एवढी मोठी आणि एकाच दिशेची चूक का करील? निष्काळजीपणाच्या चुका कधी इकडे, कधी तिकडे जातात. ही चूक तशी नव्हती.

बेसेल यांनी स्वतःचीच परीक्षा घ्यायचे ठरवले. १८२०-२१ च्या हिवाळ्यात वालबेक नावाचे खगोलशास्त्रज्ञ क्योनिग्सबर्गला आले असता दोघांनी तेच तारे आळीपाळीने टिपले. बेसेल दर वेळी आधीची वेळ नोंदवीत, वालबेक नंतरची. फरक एक सेकंदाहून थोडा अधिकच होता, म्हणजे किनब्रुकपेक्षा जास्त! पुढे १८२३ मध्ये आर्गेलांडर यांच्याशी तुलना केली, तेव्हाही फरक सेकंदाच्या वर. आता काढायचे कोणाला? दोघेही नावाजलेले निरीक्षक. बेसेल यांनी कुणालाच चुकीचे ठरवले नाही. दोन निरीक्षकांमधील फरक त्यांनी एखाद्या साध्या समीकरणाप्रमाणे लिहिला, आणि पुढे खगोलशास्त्रात त्याला 'वैयक्तिक समीकरण' हे नाव पडले. बेसेल आणि स्ट्रुव या जोडीच्या बाबतीत तर असे दिसले की, हा फरकही कायम राहत नाही. वर्षे जातात तसा तो बदलतो.

आमच्या मते मानसशास्त्राची प्रयोगशाळा खरी इथे सुरू होते, जरी तिच्या दारावर ती पाटी नव्हती. चूक कोणाची, या प्रश्नाच्या जागी फरक किती आणि कशामुळे, हा प्रश्न आला. बेसेल यांना मात्र त्यातले मानसशास्त्र नको होते. त्यांना तारे हवे होते. फरक मोजून वजा करून टाकला की त्यांचे काम झाले. 'कशामुळे' हा अर्धा प्रश्न तसाच उरला.

त्याला हात घातला तो त्याच गावात, पण वेगळ्या विभागात. बेसेल १८४६ साली वारले. १८४९ मध्ये हेर्मान हेल्महोल्त्स हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे त्याला मोजायचे होते. त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांचे मत असे की, हा वेग मोजणे मनुष्याला कधीच साधणार नाही. तो वेळ अतिसूक्ष्म आहे आणि शरीरातली अंतरे फार लहान आहेत. (गुरू मोठे असले की त्यांचे 'कधीच नाही' हे शब्द फार जड होतात. इथे शिष्याने ते मनावर घेतले नाहीत.)

हेल्महोल्त्सने बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याला जोडलेल्या मज्जातंतूसह वेगळा काढला. तंतूला एकदा स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला, एकदा काही सेंटिमीटर दूर. दोन्ही वेळा झटका ते आकुंचन हा काळ मोजला. स्नायूला स्वतःला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच. तेव्हा वजाबाकी केली की उरतो तो फक्त मधल्या तंतूच्या तुकड्यातून संदेश जाण्याचा वेळ. तो आला सेकंदाचा एक ते दोन सहस्रांश. त्यावरून वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेचा नाही, प्रकाशाचा नाही, आवाजाचाही नाही. आपल्या एसटीच्या तोंडात मारील एवढाच, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास! जानेवारी १८५० मध्ये त्याने हे बर्लिनच्या अकादमीला कळवले.

लोकांना ते पचायला जड गेले. हेल्महोल्त्सचे वडील शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाला कळवले की विचार आणि त्याचे शरीरातले प्रकटन या एकामागून एक होणाऱ्या गोष्टी नसून एकाच वेळच्या आहेत, असे आपण मानत आलो आहोत. त्यांची अडचण खरी होती. बोट हलवायचे मनात आले आणि बोट हलले, यांत मध्ये काही काळ गेला असे आपल्याला मुळीच जाणवत नाही. तो काळ जाणिवेला दिसत नाही, पण उपकरणाला दिसतो.

आज आपल्याला ठाऊक आहे की सगळ्या तंतूंचा वेग सारखा नसतो. चरबीयुक्त वेष्टन असलेल्या जाड तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्याही वर जातो; वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत सेकंदाला जेमतेम एक मीटर. याचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. अनवाणी चालताना ठेच लागते, तेव्हा 'लागले' हे लगेच कळते आणि मग क्षणभराने ती खरी ठणकती कळ येते. पहिली बातमी वेगवान तंतूंनी आणलेली असते, दुसरी सावकाश तंतूंनी. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेचा मोठा भाग असा संथ असेल, तर सेकंदभर उशीर सहज होतो.

हेल्महोल्त्सचा प्रयोग बेडकाला न दुखवता वर्गातही करता येतो. पंचवीस-तीस मुलांना ओळीत उभे करावे. प्रत्येकाने डोळे मिटून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. आपला खांदा दाबला गेला की लगेच पुढच्याचा दाबायचा. शिक्षकांनी पहिला खांदा दाबताना घड्याळ सुरू करायचे, शेवटच्याने हात वर केला की थांबवायचे. मग ओळ खाली बसवून हाच प्रकार घोट्यांवर करायचा. घोट्यापासून मेंदूपर्यंतचे अंतर खांद्यापेक्षा साधारण मीटरभर अधिक. एकूण वेळातला फरक मुलांच्या संख्येने भागला की एका मीटरला लागणारा वेळ मिळतो. सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून द्याव्यात, कारण सरावाने वेळ झपाट्याने कमी होतो. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा मुलांना पायाला हात लावायचा संकोच वाटत होता. एकाने आधी नमस्कार करून घेतला, मग सगळ्यांनीच केला, आणि पहिली फेरी वाया गेली.

या प्रयोगातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका मुलामागे एकूण वेळ पाव सेकंदाच्या आसपास येतो, तर तंतूंतला प्रवास त्याचा लहानसाच भाग असतो. मग उरलेला वेळ कुठे जातो?

हा प्रश्न हॉलंडमधील उत्रेख्त येथील फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी विचारला. ते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी हेल्महोल्त्सचीच वजाबाकी उचलली, पण ती तंतूऐवजी मनाला लावली. माणसाच्या दोन्ही पायांना विजेचा हलका झटका देण्याची सोय केली. उजव्या पायाला झटका बसला तर उजव्या हाताने खूण करायची, डाव्याला बसला तर डाव्या हाताने. कधी कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगितलेले असे, कधी नसे. तंतू तेच, स्नायू तेच, अंतर तेच. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात 'कोणता पाय' हे ओळखून 'कोणता हात' हे ठरवावे लागे. त्या ठरवण्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग अधिक लागला. १८६८ साली डोंडर्स यांनी मानसिक प्रक्रियांच्या वेगावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. एका मानसिक क्रियेला लागणारा वेळ असा वेगळा काढून दाखवण्याची ही पहिली वेळ.

आजच्या अभ्यासक्रमात जैविक मानसशास्त्र आणि बोधनिक मानसशास्त्र अशी दोन प्रकरणे वेगवेगळी असतात. एकात चेतापेशी आणि मेंदू, दुसऱ्यात अवधान, स्मृती, विचार. विद्यार्थी ती दोन परीक्षांसाठी दोन वेळा पाठ करतात. पण हेल्महोल्त्स आणि डोंडर्स यांच्यात अंतर आहे ते एका वजाबाकीचे. एकाने मध्ये तंतूचा तुकडा वाढवला, दुसऱ्याने मध्ये एक निवड वाढवली.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, हे पाठ्यपुस्तकांत असतेच. ते आधी हायडेलबर्गला हेल्महोल्त्सचे साहाय्यक होते, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक, १८६१ सालचा, ग्रिनिचच्याच कोड्यावर होता. लंबक एका ठरावीक जागी आला की घंटा वाजे, आणि ती वाजली तेव्हा लंबक कुठे होता ते सांगायचे. तो खरा जिथे होता तिथे दिसतच नाही. आवाज आणि दृश्य ही दोन्ही एकाच क्षणी मनाला पकडता येत नाहीत. अवधान आधी एकाकडे जाते, मग दुसऱ्याकडे. किनब्रुक आणि मॅस्केलीन यांच्यात फरक पडला तो बहुधा असा. एकाचे मन आधी ठोक्याकडे जात असावे, दुसऱ्याचे ताऱ्याकडे.

डोंडर्स यांच्या वजाबाकीवर पुढे आक्षेप आले आणि ते योग्यच होते. ऑस्वाल्ड क्यूल्पे यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले की काम बदलले की मनाची सगळीच तयारी बदलते. भिंतीत एक वीट वाढवावी तशी ही गोष्ट नसते. त्यानंतर बराच काळ ही पद्धत मागे पडली. १९६० च्या दशकात सॉल स्टर्नबर्ग यांनी तिला नवे रूप दिले आणि तेव्हाच बोधनिक मानसशास्त्र म्हणून विषय उभा राहिला. आज मेंदूची कार्यचित्रे घेताना दोन कामांची चित्रे एकमेकांतून वजा करतात, तेव्हाही डोंडर्स यांचीच युक्ती वापरली जाते, आणि क्यूल्पे यांचा आक्षेपही तिथे तसाच लागू पडतो.

आपल्याकडे ही परंपरा आली ती कलकत्त्याहून. १९१६ साली तिथल्या विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे शिक्षण सुरू केले. ते हार्वर्डला ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले, आणि म्यून्स्टरबर्ग हे वुंट यांचे विद्यार्थी. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रा. कोठुरकर यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला. वहीतला तो प्रयोग अशा वाटेने आपल्यापर्यंत पोहोचला. उपकरण नसेल तर पट्टीवरही तो होतो. एकाने पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर पडली तर वेळ ०.२ सेकंद.

या इतिहासाला एक वाईट वळणही आहे, आणि शिक्षकांनी ते माहीत करून घ्यावे असे आम्हांला वाटते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात आपले मापनाचे दालन उघडले. तीन पेन्स घेऊन लोकांची उंची, नजर, पकडीची ताकद, प्रतिक्रियाकाल वगैरे मोजले जाई. जो झटपट तो बुद्धिमान, अशी त्यांची धारणा. वुंट यांच्याकडे शिकून अमेरिकेत परतलेले जेम्स मॅकीन कॅटेल यांनी हीच कल्पना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेली आणि विद्यार्थ्यांना अशा चाचण्या देण्यास सुरुवात केली. म्हणजे ज्या मोजणीने किनब्रुकला दोषमुक्त केले असते, तिच्यावरूनच आता माणसांची उतरंड लावायची होती.

ती लागली नाही. कॅटेल यांच्याच एका विद्यार्थ्याने, क्लार्क विस्लर यांनी, १९०१ मध्ये हे सगळे आकडे विद्यार्थ्यांच्या परीक्षांतील यशाशी ताडून पाहिले. प्रतिक्रियाकाल आणि परीक्षेतील यश यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. पुढे अधिक विस्तृत गटांवर झालेल्या संशोधनात काही संबंध दिसतो हे खरे. तो लहान ते मध्यम स्वरूपाचा आहे, आणि एकट्या मुलाविषयी त्यावरून फारसे काही सांगता येत नाही.

एवढे झाल्यावर घड्याळ शिक्षकांकडे वळले. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात, हे त्यांना मोजायचे होते. सरासरी निघाली सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारला जाई, किंवा दुसऱ्या मुलाकडे जाई. शिक्षकांनी सरावाने हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, 'येत नाही' म्हणणे कमी झाले, मुलांकडून प्रश्न येऊ लागले, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते तीही मुले बोलू लागली.

रो यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. शिक्षकांना वर्गातली पाच हुशार आणि पाच कच्ची मुले निवडायला सांगितले आणि कोणासाठी किती थांबले ते मोजले. हुशार मुलांसाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत होते. कच्च्या मुलांना मिळत होते नऊ दशांश सेकंद.